डोहाच्या वाट्याचं पाणी

खान्देशात जाऊन काय पाहिलंत, असं परतल्यावर मला चौघांनी विचारलं. चौघांनाही मी खरं उत्तर दिलं आणि चौघांनीही विषय बदलला. उत्तर असं होतं, की मी एक बंधारा पाहायला गेलो होतो. तो पूर्वी गळत होता, आता गळत नाही, आणि याचं तिथल्या काही लोकांना फार वाईट वाटतं.

जळगावला माणसं उतरतात ती अजिंठ्याला जाण्यासाठी आणि धुळ्याला थांबतात ती चहासाठी. मीही आजवर तेच केलं होतं. या वेळी गेलो तो माझा जुना मित्र सलीम मन्सुरी याच्या फोनमुळे. "आखाजीला ये," तो म्हणाला. "पांझरेच्या एका डोहात खडशी आहेत. त्या पावसाळ्यापर्यंत जगतात की नाही, ते त्या दिवशी गावात ठरायचंय."

आखाजी म्हणजे आपली अक्षय्य तृतीया. आपण त्या दिवशी आमरस खाऊन झोपतो. खान्देशात तो दिवाळीच्या बरोबरीचा सण आहे. खडशी म्हणजे काय, ते मला ठाऊक नव्हतं. माशाचं नाव असावं इतका अंदाज केला, कारण सलीम आयुष्यात दुसऱ्या कशाबद्दल फोन करत नाही.

अमळनेर

पुण्यात वसतिगृहाच्या एका खोलीत आम्ही तीन वर्षं काढली. त्याने प्राणिशास्त्र घेतलं, मी मराठी. त्यामुळे त्याला नोकरी लागली. अमळनेरच्या एका कॉलेजात शिकवून तो मागच्या वर्षी निवृत्त झाला. घरात शिरल्यावर भिंतीवर आजोबांचं कापूस पिंजायचं धनुष्य दिसतं, आणि त्याच्याखालच्या कपाटात काचेच्या बरण्यांत मासे. कॉलेजला ते नको होते म्हणून निवृत्तीबरोबर घरी आले.

"लोग रिटायर होके घडी लाते," सलीमच्या अम्मीने माझं स्वागत करता करता तक्रार नोंदवली. "ये मुर्दे लाया."

अम्मीने कळण्याची भाकरी, उडदाची डाळ आणि ठेचा वाढला. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ. भाकरी काळसर होते आणि तिला स्वतःचीच चव असते. मी सांगलीचा. आम्ही तिखट खातो त्यापेक्षा तिखटाचा अभिमान जास्त बाळगतो. इथे अभिमान कोणी बाळगत नाही, नुसतं खातात. दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा अम्मीने तांब्या पुढे सरकवला आणि म्हणाली, "आराम से. मिरची कहीं भाग नहीं रही."

जेवणानंतर सलीमने एक बरणी खाली काढली. आत हातभर लांबीचा मासा, खवले माझ्या अंगठ्याच्या नखापेक्षा मोठे. औषधात राहून रंग उडाला होता, पण जिवंतपणी पाठ हिरवट आणि कुशी सोनेरी असते म्हणे. पुस्तकात महसीर, इथे खडशी. वाहतं, स्वच्छ, प्राणवायू भरपूर असलेलं पाणी तिला लागतं; अंडी घालायला गोट्यांचा तळ लागतो. वाढते सावकाश. पुराच्या पाण्यात वर चढते आणि उन्हाळ्यात खोल डोह धरून बसते. थोडक्यात, आपण नद्यांचं गेल्या दोन पिढ्यांत जे काही केलं, त्यातलं काहीही तिला मानवत नाही.

"धरण नको म्हणतोस का?" मी विचारलं.

"मी नळाचं पाणी पितो," सलीम म्हणाला. "मी कशाला नको म्हणू? धरण असू दे. फक्त नदीत कोणी राहतं, एवढं लक्षात ठेवून चावी फिरवा."

गिरणाकाठी

ही चावी कशी फिरते ते दाखवायला तो मला आधी भडगावला घेऊन गेला. धरणातून पिण्यासाठी आवर्तन सुटलं होतं आणि पाणी त्या दिवशी भडगावच्या खाली पोचायचं होतं. आवर्तन म्हणजे ठरल्या दिवसांपुरतं नदीत सोडलेलं पाणी. आमच्याकडे कृष्णा न बोलावता घरात येते. इथे नदीच्या आगमनाची वेळ फोनवर विचारून घेतात.

गिरणेचं पात्र म्हणजे वाळूचा रुंद, पांढरा पट्टा. एप्रिलच्या उन्हात त्याकडे पाहवत नव्हतं. काठावर चाळीस-पन्नास माणसं जमली होती. कोणी छत्री घेऊन, कोणी म्हशी घेऊन. मी चपला काढून पात्रात उतरलो, कारण आल्याबरोबर पाण्याला पाय लावावेत असा एक भाविक विचार मनात आला. वाळू इतकी तापली होती की विचार लगेच बदलला, पण तोवर पाणी दिसलं.

नदी अशी येताना मी कधी पाहिली नव्हती. आवाज नाही, लाट नाही. वाळवंटातून एक तपकिरी जीभ पुढे सरकत होती. पुढे फेस, सुकी पानं, प्लास्टिक आणि बावरलेले किडे. वाळू पाणी पीत होती आणि पाणी तरीही पुढे येत होतं. एक म्हातारी काठावरून हात जोडून म्हणाली, "उनी माय." आली आई. मी तिच्याकडे पाहत राहिलो आणि तेवढ्यात माझी एक चप्पल पाचोऱ्याच्या दिशेने निघाली. ती मिळाली नाही. उरलेली मी सवयीने दोन दिवस पिशवीत बाळगली.

"हे सगळे बघतात," भाड्याच्या रिक्षात सलीम म्हणाला. "सोडलेलं पाणी सर्वांना दिसतं. बंद केलेलं कोणाला दिसत नाही. दरवाजे एकदम पाडले की पाणी तासाभरात ओसरतं, आणि पाण्याबरोबर वर आलेले मासे वाळूवर राहतात. टप्प्याटप्प्याने बंद केलं की त्यांना परत डोहात जायला वेळ मिळतो. पाणी तेवढंच लागतं."

"मग करतात तसं?"

"इथे आता करतात. सांगून पाहिलं, ऐकलं." मग जरा थांबून, "मीसुद्धा चकित झालो."

भडगावच्या बाजारात मी रबरी चपला घेतल्या. दुकानदाराने पायांकडे पाहिलं, मग पिशवीतल्या एकट्या चपलेकडे. "गिरणा उनी वाटतं," एवढंच म्हणाला.

पांझरेकाठी

पांझरा धुळ्यातून वाहते. ज्या गावाला आम्ही गेलो ते धुळ्याच्या पश्चिमेला, नदीच्या काठावर. नाव मुद्दाम लिहीत नाही. खडशी खाणारे लोकही प्रवासवर्णनं वाचतात.

या नदीवर कित्येक पिढ्या चालत आलेली फड पद्धत आहे. तिचं कौतुक मी आधी पुस्तकात वाचलं होतं, आणि पुस्तकात कौतुक वाचलं की मी सावध होतो. पण शेतात उभं राहून पाहिल्यावर माझी सावधगिरी टिकली नाही. नदीवर दगडी बंधारा. त्याच्या एका टोकाकडून पाट निघतो. पाटाखालच्या जमिनीचे चार मोठे तुकडे, म्हणजे चार फड. एका फडात सगळे मिळून एकच पीक घेतात आणि बहुतेक प्रत्येक घराची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असते. पाणी कमी असलं तर एक अख्खा फड कोरडा ठेवायचा. म्हणजे नुकसान सगळ्यांचं, सारखं. टंचाईत एकाने मरावं आणि दुसऱ्याने ऊस लावावा, ही सोय यात नाही. ज्याने हे पहिल्यांदा सुचवलं असेल त्याचं नाव कोणाला माहीत नाही. त्यामुळे त्याचा पुतळाही नाही आणि पद्धत अजून चालू आहे.

पाणी द्यायचं काम पाटकऱ्याचं. शेतकऱ्याने स्वतः मोरी उघडायची नाही, स्वतःच्या शेतालाही नाही. पाटकरी येणार, ठरल्या वेळी उघडणार, ठरल्या वेळी बंद करणार. बारा दिवसांत सगळ्या शेतांची एक पाळी फिरते. इथले पाटकरी नाना. सत्तरीच्या पुढचे, काटकुळे, गुडघे वाकलेले, कानामागे अर्धी विझवलेली बिडी. खांद्यावर फावडं आणि हातात मोरीची लोखंडी चावी. चाळीस वर्षं ती चावी त्यांच्याकडे आहे.

"मासा देखाले उनात का?" त्यांनी मला नीट न्याहाळून विचारलं.

"हो."

"खडशी आशी कोन्हालेबी दिसत नही," नाना म्हणाले आणि चालू लागले. नुसतं पाहायला आलेल्या माणसाला अशी दिसत नाही, हे मला मान्य करावं लागलं.

बंधाऱ्याच्या खाली खडकात तो डोह. कपारीत शेंदूर लावलेले सात दगड, म्हणजे साती आसरा, पाण्याच्या देवता. डोहात कोणी जाळं टाकत नाही. आसरांचे मासे आहेत. पण खडकावरची पाण्याची जुनी रेघ आणि खरं पाणी यांत माझ्या कमरेइतकं अंतर पडलं होतं. जिथे पूर्वी पुरुषभर पाणी असायचं तिथे कमरेभर राहिलं होतं, आणि पाऊस दीड-दोन महिने लांब.

कारण काठावरच उभं होतं. काळी, चकचकीत कोनशिला. बंधाऱ्याच्या मोरीपेक्षा मोठी. तिच्यावर अकरा मान्यवरांची नावं आहेत. नदीचं नाव नाही. दोन वर्षांपूर्वी या बंधाऱ्याची दुरुस्ती झाली. त्याआधी तो चुन्याचा, जुना, आणि दहा ठिकाणी गळका होता. वर्षानुवर्षं त्या गळतीची धार डोहात पडत असे, उन्हाळ्यातही. दुरुस्ती उत्तम झाली. एक थेंब येत नाही. मागच्या उन्हाळ्यात डोह गुडघ्याइतका झाला, पाणी हिरवं पडलं, आणि एका सकाळी मोठ्या खडशी पांढरी पोटं वर करून तरंगल्या.

"मोठ्या आधी मरतात," सलीमने मला सांगितलं. "साचलेल्या पाण्यात पहाटे प्राणवायू सर्वांत कमी. मोठ्या अंगाला जास्त लागतो."

त्यानंतर मत्स्यबीज सोडण्याचा कार्यक्रमही झाला. मंडप, सतरंजी, बाहेरून पिशव्यांत आणलेली रोहू-कटल्याची पिल्लं. एका पाहुण्यांनी गुडघाभर पाण्यात पिशवी रिकामी केली, टाळ्या झाल्या, फोटो झाले. दुपारी बगळे आले. बगळ्यांना कोणी निमंत्रण पाठवलं नव्हतं, पण कार्यक्रमाचा खरा लाभ त्यांनाच झाला. खडशींपैकी ज्या कपारीत तगल्या, त्याच आता डोहात आहेत. सलीमच्या माहितीत या नदीवर दुसरीकडे त्या उरलेल्या नाहीत.

डोहावर आम्हाला पाटबंधारे खात्याच्या महाले मॅडम भेटल्या. दुरुस्तीचं काम यांच्याच देखरेखीखाली झालं होतं. चाळिशीच्या, उन्हाने रापलेल्या, डोक्यावर सुती ओढणी बांधलेल्या. मला वाटलं होतं, त्या बचाव करतील.

"गळती बंद करणं माझं काम होतं, ते मी चांगलं केलं," त्या म्हणाल्या. "गळतीवर कोणी जगत होतं, हे अंदाजपत्रकात नव्हतं. मी विचारलंही नाही. मग डोहासाठी एक पाइप घालू द्या म्हणून वर लिहिलं."

"आणि?"

"उत्तर आलं, नव्या कामात गळतीची तक्रार असल्यास ठेकेदाराकडून दुरुस्त करून घ्यावी." त्या हसल्या नाहीत. "परत लिहिलंय. पण कागद वर जायला लागतो तेवढा वेळ या पाण्याकडे नाही."

नाना खडकावर बसून कानामागची बिडी शिलगावत होते. त्यांच्याकडे न बघता मी सलीमला म्हणालो, की असल्या दुरुस्तीचा हट्ट मुळात धरला कोणी?

"अर्ज मीच करेल व्हता," नाना म्हणाले. मीच केला होता. "धा वरीस करी ऱ्हायनू. पानी वाया जास, पानी वाया जास. कोठे जास ते दखं नही." कुठे जातं, ते पाहिलं नाही.

डोहाच्या कपारीत काहीतरी हललं. मी वाकून पाहिलं, बेडूक होता.

आखाजी

सकाळी गाव वेगळंच दिसत होतं. निंबाच्या फांद्यांना झोके, झोक्यांवर माहेरी आलेल्या लेकी, आणि त्यांच्या गाण्यांत सासरच्या माणसांचा जो उद्धार चालला होता तो ऐकून मला आपल्याकडच्या मंगळागौरी फार सौम्य वाटल्या. घरोघरी पितरांसाठी मातीची घागर भरून ठेवलेली आणि तिच्यावर खरबुजासारखं डांगर. जेवायला आम्ही नानांकडे. त्यांच्या पत्नीला सगळं गाव अक्का म्हणतं. अक्का अंगणात उलट्या खापरावर मांडे भाजत होत्या. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत मोठी करायची आणि एका झटक्यात खापरावर टाकायची. मला पाहूनच घाम फुटला.

"सणनी दिशीबी हाई डोहवरच," नानांकडे मानेने दाखवत त्या म्हणाल्या. "चाळीस वरीस नदीना संसार करा. मना कव्हय करशात?"

माझा कधी करणार, या प्रश्नावर नानांनी मांडा दुधात बुडवला आणि उत्तर टाळलं. चाळीस वर्षांचा सराव असावा.

या गावात फडाचे वर्षाचे निर्णय आखाजीच्या दुपारी होतात. कोणता फड कोरडा ठेवायचा, पाट कधी साफ करायचा, पाटकरी कोण. वडाखाली सतरंजी, पाच पंच, भोवती शेतकरी. मधोमध आबा, पंचांचे प्रमुख. जाड भिंगाचा चष्मा आणि आवाज असा की माइक आणायची कोणाला इच्छा होऊ नये. महाले मॅडम मागे बायकांत येऊन बसल्या. "मी आज सुट्टीवर आहे," असं त्यांनी न विचारता सांगितलं.

नाना उठले आणि मागणी सरळ मांडली. पाट जिथे सुरू होतो तिथेच गाळ काढायची मोरी आहे. ती उघडली की पाटातलं पाणी परत नदीत पडतं, नेमकं डोहाच्या वर. दर पाळीला थोडा वेळ ती मोरी उघडू द्या. डोहाला पाणी द्या.

पहिला उठला तो भिला. पस्तिशीतला, बोलायला फटकळ. त्याचं शेत पाटाच्या शेवटाला. पाणी कमी पडलं की पहिली झळ त्याला.

"मना भुईमूग वाळी ऱ्हायना, नि तुमी मासाले पानी पाजतस?" तो म्हणाला. "मासा पान्यामाच ऱ्हास ना, नाना? त्याले पानी कसाले पाजनं?"

सगळे हसले. सलीम उठला आणि त्याने प्राणवायूचं सांगितलं. चांगलं सांगितलं, पण ते कॉलेजात सांगितल्यासारखं होतं, आणि लोकांनीही विद्यार्थ्यांसारखंच ऐकलं. मग मागून मॅडमचा आवाज आला: "बंधारा खात्याचा आहे. पाट फडाचा आहे. गाळमोरी कधी उघडायची, हे खातं विचारत नाही. तुम्ही ठरवायचं." आणि त्या पुन्हा सुट्टीवर गेल्या.

आबांनी चष्मा पुसला. "पण डोह वावर शे का? फडमा शे का? फडना पानीवर वावरनाच हक्क." डोह शेत नाही, फडात नाही, पाण्यावर हक्क फक्त शेताचा. नियम नियमच होता. मला वाटलं, संपलं. कपारीतले ते सात दगड आठवले आणि उगाच लाज वाटली.

नाना मात्र बसले नाहीत.

"आखो एक सांगनं शे," ते म्हणाले. अजून एक सांगायचंय. "चैत लागना तैपासून मी रोज तांबडं फुटताना गाळमोरी उघडी ऱ्हायनू. एक बिडी सरे तवलोंग."

चैत्र लागल्यापासून, रोज, एक बिडी संपेपर्यंत. वडाखालचे सगळे चेहरे नानांकडे वळले. बाहेरच्या माणसाला यात विशेष वाटणार नाही. पण इथे शेतकऱ्याने पाणी चोरलं तर भांडण होतं. पाटकऱ्याने चोरलं तर उभ्या पद्धतीचा पायाच हलतो. लोक स्वतःच्या शेताची मोरी स्वतः उघडत नाहीत ते एवढ्या एका विश्वासावर.

"म्हनजे मना वाटाना पानी..." भिला अर्ध्यावरच थांबला. नानांना चोर म्हणायला त्याचीही जीभ रेटेना.

"चोरी शे," आबाच म्हणाले. "चोरी शे तर चोरी शे. चावी खाले ठेव, नाना."

ही रीत. नानांनी चावी सतरंजीवर ठेवली. चाळीस वर्षं हातात असलेली वस्तू ठेवताना माणूस काहीतरी करेल, असं मला वाटत होतं. त्यांनी फक्त हात धोतराला पुसले.

"आते दुसरं," आबा म्हणाले. "ज्या वावरमा चोरीनं पानी गयं, त्या वावरनी पुढली पाळीमाईन तेवढं पानी कापानं. आपला नियम शे का नही?"

आहे, आहे, असा गलका झाला. ज्या शेतात चोरीचं पाणी गेलं, त्याच्या पुढच्या पाळीतून तेवढं कापायचं.

"चोरीनं पानी गयं कोठे? डोहमा. मंग डोहना पाळीमाईन कापा."

"डोहले पाळीच नही, आबा," भिला म्हणाला. "कापशात काय?"

"नही ना?" आबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मंग आधी द्यानी पडी. त्याशिवाय दंड कसा करसूत?"

कापायला पाळी नाही म्हणजे आधी द्यावी लागेल. नाहीतर दंड कसा करणार? क्षणभर कोणाला उलगडलं नाही. मग मागे बसलेली एक म्हातारी खुदकन हसली, आणि हसू पुढे सरकत सरकत पंचांपर्यंत आलं. मी पुष्कळ न्यायनिवाडे वाचले आहेत, गाजलेलेही. आरोपीला शिक्षा करता यावी म्हणून त्याला आधी वाटेकरी ठरवणारा निवाडा पहिल्यांदाच ऐकला.

बाकी व्यवहार होता, आणि तो काटेकोर झाला. डोहाला दर पाळीत सहा तास. सलीमने विनंती केली की बारा दिवसांचे सहा तास एकदम नकोत. रोज पहाटे अर्धा-अर्धा तास द्या, माशांना तीच वेळ कठीण. मान्य. मग चोरी मोजली: एका बिडीला दहा मिनिटं धरली, महिन्याचे पाच तास झाले. ते पहिल्या पाळीतून जाणार. म्हणजे रोजची पाच मिनिटं उरणार. सलीमचा चेहरा उतरला.

"दहा मिनिट कोठून?" बायकांतून अक्का कडाडल्या. "ते आर्धी बिडी वढतस नि ईझाडीसन कानमांगे ठेवतस! चाळीस वरीस दखी ऱ्हायनू मी."

पंचांनी नानांच्या कानाकडे पाहिलं. पुरावा तिथेच होता. अर्धी बिडी, पाच मिनिटं. चोरी अडीच तासांवर आली. भिलाने मोबाइलवर भागाकार केला. "पहिली पाळीले रोज साडेसतरा मिनिट."

"सतरा," आबा म्हणाले. "आर्ध्या मिनिटवर झगडानं नही."

कोरडा ठेवायचा फड थोडा वाढवला. म्हणजे डोहाचा भार सगळ्यांनी उचलला, एकट्या भिलाने नाही. राहिली चावी. ती सतरंजीवर तशीच पडली होती. कोणी हात लावेना. नानांच्या नंतर लगेच ती उचलणं कोणालाच बरं दिसत नव्हतं.

"भिला," आबा म्हणाले, "सर्वांत मोठी बोंब तुनी. तूच उचल."

भिलाने नानांकडे पाहिलं. नाना दुसरीकडे पाहत होते. त्याने चावी उचलली.

दुसऱ्या दिवशी

उजाडता उजाडता आम्ही डोहावर गेलो. नाना आधीच खडकावर बसले होते, रिकाम्या हातांनी. वर पाटावर भिला आला, मोबाइल दगडावर टेकवून ठेवला आणि चावी दांड्याला लावली. नवीन माणूस, पहिला वेढा चुकीच्या दिशेने फिरवला. नाना उठू गेले आणि पुन्हा बसले. आता चावीला त्यांनी हात लावायचा नव्हता.

मग पाणी पडलं. फार नाही, खडकावरून घसरत, फेसाळत, मांडीएवढी धार. डोह थरारला. थोड्या वेळाने फेसाच्या कडेला पाणी आतून काळं झालं, सरकलं, आणि एक पाठ वर आली. हिरवट. वळली तशी कूस दिसली, आणि ती खरोखर सोन्याची होती. तिच्यामागे दुसरी. त्या धारेकडे तोंड करून, शेपूट हलवत, जागच्या जागी थांबल्या होत्या. आयुष्यभर सलीमने या माशावर शिकवलं. त्या सकाळी तो माझा दंड घट्ट धरून नुसता उभा होता.

आणखी पाच-सहा पाठी आल्या. मी मोजत होतो तेवढ्यात मोबाइलचा गजर वाजला आणि भिलाने चावी फिरवली. धार बारीक झाली, तुटली. मासे अजून तिकडेच तोंड करून होते.

मला राग आला. "अहो भिलाभाऊ, दोन मिनिटं जास्त दिली असती तर?" मी वर ओरडलो.

"सतरा म्हनजे सतरा," भिलाने वरून उत्तर दिलं आणि चावी खांद्यावर टाकून भुईमुगाच्या फडाकडे निघून गेला. मागे वळूनही पाहिलं नाही.

मी नानांकडे पाहिलं. वाटलं, त्यांना वाईट वाटलं असेल. नानांनी कानामागची बिडी काढली, शिलगावली, आणि या वेळी विझवली नाही, शेवटपर्यंत ओढली. त्यांना आता कुठे जायचं नव्हतं.

"बराबर करं त्यानी," ते म्हणाले. "जो टाइमवर बंद करस, तो टाइमवर उघडस बी. मी ऱ्हाऊ का नही ऱ्हाऊ."